मध्येच बंद पडणारी जुनी गाडी: दोष पकडायचा कसा?

गाडी अजिबात सुरूच होत नसेल, तर दोष शोधणं त्या मानाने सोपं असतं. दोष समोर उभा असतो, एकेक गोष्ट तपासत गेलं की सापडतो. चालता चालता अचानक बंद पडणारी आणि दहा मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू होणारी गाडी मात्र खरी परीक्षा पाहते. गॅरेजमध्ये नेली की ती हटकून नीट चालते. मग अंदाज सुरू होतात. प्लग बदलू, पंप बदलू, कॉइल बदलून बघू.

माझ्या पहिल्या जुन्या गाडीत मी असेच तीन सुटे भाग बदलले. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस गाडी व्यवस्थित चालायची, मला वाटायचं दोष गेला, आणि मग एखाद्या चढावर ती पुन्हा शांत व्हायची. शेवटी दोष निघाला इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. बोल्टखाली गंज धरला होता, इंजिन हललं की संपर्क तुटायचा. मी पंप बदलत बसलो होतो आणि दोष होता बोल्टखाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो: असा दोष मुद्देमालासह पकडायचा. गाडी बंद पडण्याचा क्षण आणि त्यानंतरची पाच मिनिटं एवढ्याच वेळात पुरावा हाती लागतो. त्या वेळेची तयारी कशी करायची, ते या लेखात सांगतो.

सगळ्यात आधी सुरक्षितता

इंजिन बंद पडलं तरी ब्रेक लागतो. पण ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि इंजिन थांबल्यावर त्यात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. म्हणून पेडल पंप करू नका, एकदाच दाबा आणि दाबून धरा. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होईल, दोन्ही हातांनी वळवावं लागेल. गाडी चालत असताना किल्ली शेवटपर्यंत मागे फिरवू नका आणि काढू तर मुळीच नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंडिकेटरचे चारही दिवे लावा आणि गाडी बाजूला घ्या. गाडी वेगवान वाहतुकीत बंद पडत असेल, तर दोष सापडेपर्यंत त्या रस्त्यावर नेऊच नका.

इंजिनाला लागतं काय

पेट्रोल इंजिन चालू राहायला योग्य वेळी ठिणगी, पुरेसं इंधन आणि प्रमाणात हवा लागते. वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, असं ते प्रमाण आहे. कॉम्प्रेशन आणि टायमिंगही लागतंच, पण टायमिंग बेल्ट तुटला तर तुटला, दहा मिनिटांत तो स्वतःहून जोडला जात नाही. आपला दोष येतो आणि जातो. म्हणजे शोध उरला तो सुटून पुन्हा जुळणाऱ्या किंवा गरम होऊन पुन्हा थंड होणाऱ्या गोष्टींचा. ढिला कपलर (वायरींचा जोड), तडकलेलं सोल्डर, तापल्यावर तुटणारं तारेचं वेटोळं, अडकणारा व्हॉल्व्ह, टाकीतला कचरा. हे ध्यानात ठेवलं की यादी बरीच लहान होते.

पायरी १: गाडीत वही ठेवा

मोबाइलवर नोंद केली तरी चालेल, पण प्रत्येक वेळी करा. आठवणीवर विसंबू नका, दोन आठवड्यांनी सगळे प्रसंग एकमेकांत मिसळतात. मी लिहितो त्या गोष्टी अशा: इंजिन थंड होतं की पूर्ण तापलेलं, किती वेळ चालवल्यावर बंद पडलं, वेग आणि गिअर काय होता, टाकीत इंधन किती होतं, एसी चालू होता का, पाऊस किंवा दमट हवा होती का, खड्डा किंवा वळण होतं का, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला.

या शेवटच्या नोंदीला फार किंमत आहे. लगेच सुरू झाली तर संपर्क तुटण्याचा किंवा आयडलिंगचा (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू राहण्याचा) संशय घ्या. वीस-तीस मिनिटं थांबावं लागलं तर काहीतरी तापून बंद पडतंय. इंधन पाव टाकीखाली गेल्यावरच, तेही वळणावर किंवा चढावर बंद पडत असेल, तर पंपापर्यंत पेट्रोल पोहोचत नाही किंवा टाकीतल्या पंपाची आतली नळी चिरली आहे. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा काहीतरी साम्य दिसायला लागतं.

पायरी २: बंद पडते कशी, ते ओळखा

बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि थोड्या सरावाने त्या अंगाला कळतात.

कोणी किल्ली फिरवून बंद करावी तशी, एका क्षणात, एकही आचका न देता गाडी बंद पडली, तर दोष बहुधा विजेचा असतो. इग्निशन स्विच, मेन रिले (मुख्य सप्लाय जोडणारा विजेवर चालणारा स्विच), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय याचा सिग्नल देणारा), ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलचा सप्लाय, बॅटरीचं टर्मिनल यांपैकी काहीतरी. गाडी आधी ओढ कमी करते, गचके खाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी उठत नाही आणि मग दम सोडते, तेव्हा इंधन कमी पडतंय. आणि चालताना उत्तम, पण सिग्नलला क्लच दाबला किंवा पाय काढला की आरपीएम घसरत जाऊन बंद, हे हवेच्या मार्गाचं आणि आयडलिंगचं लक्षण. अर्थात एवढ्यावरून स्वर्ग गाठू नका. या तऱ्हांवरून शोध कुठून सुरू करायचा एवढंच कळतं.

आता डॅशबोर्ड. मॅन्युअल गिअरची गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडलं, तर क्लच दाबायची घाई करू नका. मोकळा, सुरक्षित रस्ता असेल तरच दोन सेकंद आरपीएमच्या काट्याकडे बघा. क्लच सोडलेला असताना चाकं इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवा. तसा उतरला तर इग्निशनचे सिग्नल येताहेत, इंधनाकडे बघा. इंजिन फिरत असूनही काटा धाडकन शून्यावर पडला, तर फिरण्याचा सिग्नलच गेलाय. अशा वेळी क्रँक सेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागातला) पिकअप सेन्सर किंवा त्यांचं वायरिंग, यांच्यावर पहिला संशय. फुकटात होणारी एवढी चांगली चाचणी दुसरी नाही.

डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे गेले, रेडिओही बंद झाला, तर सेन्सर वगैरे विसरा. मुख्य सप्लाय तुटतोय.

पायरी ३: बॅटरी, अर्थिंग आणि किल्ली

दोष काहीही वाटत असला तरी ही पायरी गाळू नका. जुन्या गाड्यांत वायरपेक्षा वायरची टोकं आधी जातात.

बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हाताने पिळून बघा. जराही फिरली तर ढिली आहेत. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह, टर्मिनलं घासून चकचकीत करा आणि जोडताना उलटा क्रम ठेवा. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. चालू इंजिनावर १२ च्या आसपासच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि बॅटरी उतरत गेली की इंजिन आचके देत बंद पडेल.

अर्थिंग तपासायची पद्धत नवख्यांना कोणी सांगत नाही. नुसतं ओहममध्ये मोजून उपयोग नाही, कारण दहा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर ठीक दाखवतो. करंट वाहत असताना मोजावं लागतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसलं तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर अर्थिंगची पट्टी काढा, दोन्ही बाजूंचा गंज आणि रंग घासा, पुन्हा घट्ट बसवा. अशीच चाचणी बॅटरी आणि बॉडी यांच्यातही करा.

मग हलवून बघण्याची चाचणी. इंजिन आयडलिंगला ठेवा, सैल कपडे आणि हात पंखा-बेल्टपासून दूर, आणि एकेक कपलर, वायरचा जुडगा, फ्यूज बॉक्स हलक्या हाताने हलवत जा. कुठे इंजिन अडखळलं तर तिथेच थांबा. कपलर उघडून आत हिरवा गंज, वाकलेली पिन किंवा ढिली पडलेली पट्टी शोधा. प्लगच्या वायरी मात्र चालू इंजिनात हातात धरू नका, त्यांत हजारो व्होल्टचा दाब असतो.

किल्लीही हलवून बघा. इग्निशन स्विचचे आतले संपर्क झिजलेले असतील तर जड जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने सप्लाय तुटतो. याला किरकोळ समजू नये. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने याच प्रकारच्या दोषासाठी जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. स्विच धक्क्याने ‘रन’वरून सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. नुकसानभरपाईच्या निधीने त्या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. तेव्हा शोध सुरू असेपर्यंत जुडग्यातून गाडीची किल्ली वेगळी काढा. तेवढ्याने दोष बंद झाला, तर उत्तर मिळालंच.

पायरी ४: साक्षीदार दिवे लावा

या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती असं विचारलंत, तर मी ही सांगेन. गाडी बंद पडते तेव्हा बॉनेटखाली बघायला आपण तिथे नसतो. म्हणून तिथली बातमी काचेपाशी आणायची.

१२ व्होल्टचे, तीन ते पाच वॉटचे दोन छोटे बल्ब घ्या. एक इंधन पंपाच्या पॉझिटिव्ह वायरला जोडा, दुसरा कॉइलच्या पॉझिटिव्ह सप्लायला. दोन्हींची दुसरी टोकं बॉडीला. प्रत्येक जोडाजवळ २ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज हवाच, नाहीतर वायर कुठे घासली तर आग लागेल. वायरी गरम आणि हलत्या भागांपासून दूर बांधून आत आणा. दिव्यांवर लक्ष शेजारी बसलेल्या माणसाने ठेवायचं, गाडी चालवणाऱ्याने नाही.

गाडी बंद पडताना दोन्ही दिवे आधी विझले आणि मग इंजिन थांबलं, तर बॅटरी, इग्निशन स्विच किंवा मेन रिले. आधी फक्त पंपाचा दिवा गेला, तर पंपाचा रिले, त्याचा फ्यूज किंवा तिथपर्यंतची वायर. इथे एक बारकावा आहे. इंजिन फिरायचं थांबलं की कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच पंप बंद करतं, त्यामुळे इंजिन थांबल्यावर सेकंदा-दोन सेकंदांनी पंपाचा दिवा जाणारच. तो दोष नव्हे. आधी काय गेलं, याच्याकडे लक्ष द्या. दोन्ही दिवे जळत असतानाच इंजिनाने दम सोडला, तर सप्लाय ठीक आहे. आता पंप स्वतः, त्याची अर्थ वायर, फिल्टर, कॉइल किंवा सेन्सर. पंपाची अर्थ वायर मुद्दाम वेगळी सांगितली, कारण ती तुटली तर दिवा जळत राहतो आणि पंप मात्र थांबतो.

पायरी ५: बंद पडल्यावरची पाच मिनिटं

गाडी बाजूला लागली, सुरक्षित आहे. आता लगेच सेल्फ मारत बसू नका. ती सुरू झाली तर पुरावा गेला.

किल्ली ऑन करा आणि कान द्या. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते. चेक इंजिनचा दिवा लागतो का तेही बघा. जुन्या इंजेक्शन गाडीत किल्ली ऑन केल्यावर तो दिवाच लागला नाही, तर कंट्रोल युनिटला वीज मिळत नाही, म्हणजे मेन रिले किंवा फ्यूज. रिलेच्या आतल्या सोल्डरला केसाएवढी चीर पडते, उन्हात तापलेल्या गाडीत ती उघडते आणि थंड झाली की जुळते. त्याच नमुन्याचा दुसरा रिले शेजारी असेल तर अदलाबदल करून बघा.

मग ठिणगी. एका प्लगची वायर काढून तिला स्पार्क टेस्टर लावा, टेस्टरची क्लिप इंजिनाच्या धातूला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टेस्टर नसेल तर वायर हातात धरून किंवा लोंबकळत ठेवून हे करू नका. तुम्हाला झटका बसेल आणि कॉइल जळू शकते. आसपास पेट्रोलचा वास असेल तर ही चाचणी अजिबात नको.

ठिणगी आहे पण इंजिन लागत नाही, असं दिसलं तर इंधनाची झटपट परीक्षा करता येते. एअर फिल्टरच्या डब्यात कार्ब्युरेटर क्लीनरचा छोटा फवारा मारा, झाकण लावा, बाजूला व्हा आणि सेल्फ मारा. दोन-तीन सेकंद इंजिन लागून पुन्हा बंद पडलं, तर ठिणगी ठीक आहे आणि इंधनच पोहोचत नाही. डिझेल गाडीत हा प्रयोग करू नका.

ठिणगी नाही आणि पंप चालतो, तर कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा डिस्ट्रिब्युटर. ठिणगी आहे, इंधन नाही, तर पंपाची बाजू. दोन्ही नाहीत, तर दोन वेगवेगळे भाग एकाच वेळी बिघडले असं मानू नका, दोघांचा मालक शोधा. क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला की कंट्रोल युनिटला इंजिन फिरतंय हेच कळत नाही आणि ते ठिणगी, इंजेक्टर, पंप सगळंच थांबवतं. मेन रिलेचंही तसंच. आणि दोन्ही असूनही इंजिन लागत नसेल, तर हवेची गळती, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू इंजिनात परत सोडणारा) किंवा पेट्रोलने भिजलेले प्लग.

पायरी ६: तापल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू

जुन्या गाड्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार असते आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा वेटोळं असतं. क्रँक सेन्सरच्या किंवा कॉइलच्या आत केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कुठेतरी तुटते. थंड असताना दोन टोकं एकमेकांना चिकटून असतात. तापल्यावर फाकतात. थंड गाडीवर मोजलं तर सगळं बरोबर, म्हणून गॅरेजमध्ये दोष दिसत नाही.

दोन वायरींचा क्रँक सेन्सर मल्टिमीटरने मोजता येतो. साधारण काहीशे ते हजार-दीड हजार ओहम दिसतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. एकदा थंड मोजा, मग गाडी बंद पडल्याबरोबर पुन्हा मोजा. गरम असताना मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं, तर गुन्हेगार सापडला. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल पद्धतीचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला असतो, तसा असेल तर तो ओहममध्ये मोजायचा नसतो.

त्याहून सोपी परीक्षा अशी: गाडी तापून बंद पडली की सेन्सरवर थंड पाण्याने भिजवलेलं फडकं दोन मिनिटं धरा. एरवी अर्धा तास थांबायला लावणारी गाडी लगेच सुरू झाली, तर सेन्सर बदला. हीच युक्ती कॉइल आणि इग्निशन मॉड्यूलवर करता येते, पण एका वेळी एकच भाग थंड करा. पाणी इंजिनावर ओतू नका, एक्झॉस्टला हात लावू नका. उलट बाजूने, थंड गाडीत हेअर ड्रायरने सेन्सर तापवूनही दोष जागा करता येतो. सेन्सर काढलाच तर त्याच्या चुंबकी टोकावर लोखंडाचा कीस चिकटलाय का बघा. तो पुसूनही काही गाड्या बऱ्या होतात.

टाकीतला पंपही तापून थांबतो. तो भोवतीच्या पेट्रोलने थंड राहतो, म्हणून कायम तळाशी इंधन ठेवून चालवलेल्या गाडीत लवकर झिजतो. बंद पडल्यावर टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर पंप घरघरला आणि गाडी सुरू झाली, तर पंपाचे ब्रश संपलेत.

पायरी ७: इंधनाचा मार्ग

टाकीचं झाकण आधी बघा. गाडी बराच वेळ चालून बंद पडली आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा जोराचा आवाज आला, तर टाकीत हवा जायची वाट बुजली आहे. झाकण जरा सैल ठेवून, गळणार नाही अशा बेताने, थोडं अंतर चालवून बघा. मग फिल्टर. कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला. अंदाजाने बदलायला माझी हरकत नसलेला हा एकमेव भाग.

दाब मोजायचा असेल तर गेज हवा. बऱ्याच जुन्या इंजेक्शन गाड्यांत तो २.५ ते ३.५ बार असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत यांत्रिक पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही खाली असतो. उभ्या गाडीत दाब बरोबर आणि चढावर पडतो, असंही होतं, म्हणून गेज लांब नळीने बॉनेटबाहेर, वायपरखाली बांधून गाडी चालवतात. ही नळी केबिनच्या आत कधीही आणू नका. जोडणी पक्की येत नसेल तर हे काम अनुभवी मेकॅनिककडून करून घ्या. पेट्रोलचा फवारा गरम एक्झॉस्टवर उडाला तर विझवायला वेळ मिळत नाही.

गाडीला गॅस किट असेल तर तुमचं निम्मं काम सोपं. दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, मग फक्त गॅसवर. एकाच इंधनावर बंद पडली तर दोष त्या इंधनाच्या मार्गात. दोन्हींवर पडली तर ठिणगी, सेन्सर, सप्लाय.

पायरी ८: फक्त थांबताना बंद पडत असेल तर

इथे बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) साचलेला कार्बन आणि अडकणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावर इंजिनाला जेमतेम हवा हवी असते आणि कार्बनने तेवढीही फट बुजलेली असते. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली ऑन असताना पाकळी बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर काही गाड्यांत आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, त्याची रीत मॅन्युअलमध्ये असते.

मग व्हॅक्यूमची गळती. रबरी नळ्या वाकवून चिरा बघा, विशेषतः एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यातला जाड नळा. त्याची चीर घडीच्या आत लपते. चालू इंजिनावर सांध्यांवर साबणाचं पाणी हलकेच फवारा. जिथे पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो, तिथे गळती.

ऑटोमॅटिक गाडी थांबता थांबता झटका देऊन बंद पडत असेल, क्लच न दाबता थांबवलेल्या गाडीसारखी, तर इंजिनाला दोष देऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचची जागा घेणाऱ्या भागाचा) लॉक सुटत नाही.

कार्ब्युरेटर आणि डिझेल

कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट चेंबरमधला कचरा, बुजलेला आयडल जेट आणि पॉइंटची गॅप तपासा. उष्ण हवेत तापलेल्या नळीत पेट्रोल उकळून वाफ अडकते, अर्ध्या तासाने गाडी चालते. याच्या उलट, थंड पण दमट हवेत कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आतलं तापमान बरंच खाली जातं, हवेतली आर्द्रता गोठते आणि इंजिन गुदमरतं. थांबल्यावर इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि बघायला काहीच उरत नाही. एअर फिल्टरला गरम हवा देणारा नळा गायब असेल तर हा त्रास हमखास होतो. पावसाळी हवेत बंद पडणाऱ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून ओल आणि चीर बघा.

जुन्या डिझेलला ठिणगी लागतच नाही. तिथे एअर धरली आहे का, हा पहिला प्रश्न. फिल्टरच्या पुढे, पंपाकडे जाणाऱ्या बाजूला, पारदर्शक नळीचा तुकडा बसवा. चालू इंजिनात बुडबुडे दिसले तर टाकीच्या बाजूचा सांधा हवा घेतोय. फिल्टरमधलं पाणी काढा आणि पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर हलवून बघा.

स्कॅनर कधी आणि किती

ओबीडी दोनचा, म्हणजे कंट्रोल युनिटने नोंदलेले दोषांचे कोड वाचायला स्कॅनर जोडायचा सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचा झाला. तुमच्या गाडीत असेल तर कोड आधी वाचा, लिहून घ्या, पुसू नका. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०३४० कॅम सेन्सर, पी ०५०५ आयडल कंट्रोल, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. कोड सर्किटचं नाव सांगतो, त्या सर्किटमधल्या वायरीही त्यातच आल्या. म्हणून पी ०३३५ दिसला की आधी कपलर उघडा.

लाइव्ह डेटामधला फ्युएल ट्रिम (कंट्रोल युनिट इंधन किती टक्के वाढवतंय किंवा घटवतंय तो आकडा) बघायला शिका. आयडलिंगला तो १० टक्क्यांच्या बराच वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर व्हॅक्यूमची गळती. उलट भार पडल्यावर चढत असेल, तर इंधन कमी पडतंय. कोड एकही नाही, याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. क्षणभर तुटणारा इग्निशन स्विच कंट्रोल युनिटलाही बंद करतो, मग नोंद कोण करणार?

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच भाग बदला आणि वहीत तारीख लिहा. दोन भाग एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि त्रास परत आला तर शोध पहिल्यापासून. गाडी ज्या परिस्थितीत बंद पडायची, त्याच परिस्थितीत चालवा: तितकीच तापवून, तितक्याच इंधनावर, शक्य असेल तर त्याच चढावर. आठवड्यातून एकदा बंद पडणारी गाडी चार दिवस चालली म्हणून बरी झाली असं धरू नका, निदान तीन आठवडे जाऊ द्या. साक्षीदार दिवेही तोवर काढू नका. मेकॅनिककडे जायची वेळ आलीच, तर ‘पंप बदला’ असं सांगू नका, वही पुढे करा आणि सांगा: तापल्यावर बंद पडते, काटा एकदम शून्यावर येतो, ठिणगी नसते, सेन्सर ओल्या फडक्याने थंड केला की लगेच लागते.